इंग्रजी शिकविणाऱ्याचे शिक्षण



धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातील प्राचीन गाव. चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर त्याच्या गतवैभवाची साक्ष देत आजही उभे आहे. अनेक भाषांचा सहवास या भूमीला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्यांचे कन्नड शिलालेख मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळतात. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते; तरी तेथे इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. तेव्हा परभाषेचे भय येथील विद्यार्थ्याला असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो शिकविणाऱ्याच्या पूर्वतयारीचा.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. एका शासकीय आदेशाने अभ्यासक्रम बदलला. शिक्षक मात्र आदेशाने घडत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांचे व्याकरण पक्के केले, हे ऋण मोठे आहे. परंतु ज्या सहा वर्षांच्या बालकाला अद्याप मराठीही वाचता येत नाही, त्याच्यापुढे भाषांतराची पद्धत निरुपयोगी ठरते. त्याला भाषा ऐकवावी लागते, कृतीतून दाखवावी लागते, गाण्यातून व खेळातून बोलती करावी लागते. हे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते.

मुंबई-पुण्याच्या मुलाच्या कानावर इंग्रजी शाळेबाहेरही पडते. धर्मापुरीसारख्या गावी बहुतेक मुलांना समोर बोलले जाणारे इंग्रजी शिक्षकाच्याच मुखातून ऐकावयास मिळते. शिक्षक चुकला तर ती चूक दुरुस्त करणारे दुसरे कोणी नसते. म्हणून लहान गावातील शिक्षकाचे प्रशिक्षण शहरातील शिक्षकाच्या प्रशिक्षणाहून अधिक मोलाचे आहे.

अशा प्रशिक्षणात प्रथम मातृभाषेकडे डोळसपणे पाहण्यास शिकवितात. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. इंग्रजीतील ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना मराठीत जोड नाही. व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांचे दोन वेगळे ध्वनी मराठी कानाला एकच ‘व’ वाटतात. मूल कोठे आणि का अडखळणार, हे ज्याला आधी ठाऊक आहे, तो शिक्षक छडीऐवजी उपाय शोधतो.

या शास्त्राचा भारतातील पाया जुना आहे. इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करण्यासाठी १९५८ साली हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. २००७ साली तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी शिक्षकांसाठी अल्प मुदतीचा अभ्यासक्रम सुरू केला तो १९६२ साली. त्याच परंपरेतील केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या अभ्यासक्रमात आज सुमारे १२० तासांचे शिक्षण असते आणि किमान सहा तास प्रत्यक्ष वर्गावर, जाणकाराच्या नजरेखाली शिकवावे लागते. त्यातील सार हेच, की पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी पोहू लागत नाही.

येथील प्रशिक्षणांची उणीव नेमकी याच ठिकाणी राहिली. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून शाळेला ज्ञान पाझरत येते. गावापर्यंत पोहोचते ती ओल. यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ साली ‘तेजस’ हा उपक्रम हाती घेतला. परिसरातील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसावे, एकमेकांशी इंग्रजीत बोलावे, वर्गातील अडचणी मांडाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. बोलण्याचा संकोच समवयस्कांत लवकर सुटतो, हे त्यामागील साधे मर्म.

आज खेड्यातील पालक पोटाला चिमटा घेऊन पाल्याला दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडतो. पाटी इंग्रजी असली, तरी शिकविणाराच अप्रशिक्षित असेल, तर मुलाचे मराठीही जाते आणि इंग्रजीही येत नाही. ठाणावरचा छाप पाहून कापडाचा पोत कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

समाजातील दानशूर मंडळी शाळेच्या खोल्या बांधून देतात, ते पुण्यकर्मच आहे. त्या खोलीवर दात्याच्या नावाची कोनशिला बसते. शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी दिलेल्या दानावर कोनशिला बसत नाही. परंतु परिसरातील दहा शिक्षकांना वर्षभर, महिन्यातून एक दिवस एकत्र बसण्यास जागा, पुस्तके आणि एक उत्तम मार्गदर्शक लाभला, तर त्याचा लाभ त्यांच्या सेवाकाळात वर्गात येणाऱ्या प्रत्येक बालकाला होईल. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळाने या दानाचाही विचार करावा, ही नम्र विनंती.