शेजारच्या खुर्चीवर कोण?

(पाली, जि. रत्नागिरी येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



आपल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी रात्रीच्या एसटीने नोकरीसाठी मुंबईला गेलं आहे. मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडवर उतरलं की समोर 'मराठा मंदिर' थिएटर दिसतं. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

हे थिएटर 1958 साली सुरू झालं. 5 ऑगस्ट 1960 रोजी इथेच 'मुघल-ए-आझम' पहिल्यांदा झळकला. तिकिटासाठी लोकांनी फुटपाथवर मुक्काम ठोकला, घरून डबे आले. थिएटरचं नाव मराठा मंदिर, पडद्यावरची भाषा उर्दू, आणि शाहजादा सलीम झालेले दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान. तरीही रांग एकच होती.

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' 20 ऑक्टोबर 1995 ला आला. 1009 आठवड्यांनंतर, फेब्रुवारी 2015 मध्ये तो उतरवायचं ठरलं. प्रेक्षकांनी आग्रह धरला आणि काही दिवसांतच खेळ पुन्हा सुरू झाला. तेव्हा तिकीट होतं पंधरा-वीस रुपये. टॅक्सीवाले, हमाल, गाडीची वाट पाहणारे प्रवासी तिथे बसायचे.

मुंबईत भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव विचारतात. तिकीटखिडकीवर ते कुणी विचारत नाही. शेजारी कोण बसणार हे आपण ठरवत नाही, पण हसू एकाच वेळी येतं. मोबाइलवर सिनेमा मिळतो, हा शेजारी मिळत नाही. मल्टिप्लेक्समध्ये तो मिळेल, पण तिथलं तिकीट हमालाला परवडत नाही.

आता थोडं आपल्याविषयी. आपल्या घरांतून थिएटरला बहुतेक मुलगेच गेले. बहिणींना 'लोक काय म्हणतील' म्हणून घरी बसवलं. रांग सगळ्यांची होती असं म्हणताना ही गोष्ट लपवू नये.

म्हणून एक सूचना. महिन्यातून एकदा, रीतसर परवानगी घेऊन, गावातल्या एखाद्या सभागृहात एक चांगला सिनेमा दाखवूया. सतरंजी टाकूया, सगळ्या वाड्या-मोहल्ल्यांना बोलावूया. आई-बहिणींनाही आणूया. नंतर अर्धा तास चर्चा करूया. सिमरनला जगायला बापाची परवानगी का लागावी, इथूनच सुरुवात करता येईल. आणि त्या चर्चेत पहिल्यांदा मुलींनी बोलावं.