हिराकस तपकिरी का पडते?

शिरूर-दौंड भागात चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा केवडा. त्यावर आपण हिराकस वापरतो. ताजे हिराकस फिकट हिरवे असते. त्यातील फेरस लोह पिकाला घेता येते. दमट हवा लागली की ते तपकिरी पडते. येथे लोह इलेक्ट्रॉन देते, म्हणून ते क्षपणक. हवेतील ऑक्सिजन ते घेतो, म्हणून तो ऑक्सिडक. तयार झालेले फेरिक लोह अशा जमिनीत विरघळत नाही, पैसा मातीत जातो.

म्हणून खरेदी करताना रंग पाहा, पिशवी घट्ट बांधा. जमिनीत द्यायचे तर कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. फवारणीस लिटरला ५ ग्रॅम घ्या. द्रावण त्याच दिवशी संपवा.