डबा बदला, कुंदा पुन्हा आटवू नका

निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रीवादी चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. १६ मिलिमीटरच्या फिल्मवरचा, कृष्णधवल. पुढे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने त्याला डिजिटल रूप दिलं. हे जमलं, कारण फिल्म शिल्लक होती.

बेळगाव-निपाणीच्या घराघरांत याच्या नेमकं उलट चाललंय. लग्नाची व्हीसीडी संगणकात घातली, फाईल ‘कन्व्हर्ट’ केली, फोनवर चालली की मूळ पुसून टाकली. असं करू नये हो!

बेळगावचा कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, डब्यातून बरणीत काढला, तर चवीत फरक पडत नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांचीच नावं. आतला कुंदा म्हणजे एमपेग-१ किंवा एच.२६४ पद्धतीने आटवून भरलेलं चित्र. पुष्कळदा नुसता डबा बदलून भागतं; पण घाईत निवडलेला पर्याय तोच कुंदा दूध घालून सैल करतो आणि पुन्हा कढईत आटवतो. दर खेपेला कण बिघडतो. गेलेली चव परत येत नाही.

हँडीकॅमच्या एमटीएस फाईलमध्ये चित्र बहुधा एच.२६४ असतं. ते एमपी४ मध्ये जसंच्या तसं जातं, फार तर आवाज बदलावा लागतो. एफएफएमपेग किंवा अॅव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओसाठी ‘कॉपी’ निवडलं की तासाभराचं शूटिंगही थोड्या वेळात नव्या डब्यात जातं. हँडब्रेक चांगला आणि फुकटही, पण तो चित्र नेहमी नव्याने आटवतो, हे ध्यानात असू द्यावं.

व्हीसीडीचं मात्र वेगळं. तिच्यातलं एमपेग-१ चित्र बऱ्याच फोनवर चालत नाही, म्हणून तिथे आटवणं टळत नाही. हरकत नाही, पण आधी ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाईल जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि फोनसाठी दुसरी प्रत करावी. व्हीसीडीचं चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ते १९२० बाय १०८० करून देतो म्हणणाऱ्याला पैसे मोजले, तरी मुळात टिपलाच न गेलेला मामांच्या फेट्याचा जर त्यात कुठून येणार? फाईल तेवढी फुगते.

पुन्हा सांगायला हवं, कारण नेमकं हेच ऐकणाऱ्याच्या कानाआड जातं: मूळ फाईल पुसू नये. ती एका हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, जमलं तर कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे. पाठवताना ती बहुधा आणखी आटवलेली असते.

आता कॅसेटवरच्या चित्रातल्या रेघांचं थोडक्यात. कॅसेटवरून घेतलेल्या चित्रात हलत्या माणसाच्या कडेला आडव्या रेघा दिसतात, कारण जुन्या टीव्हीसाठी एकाआड एक ओळी टिपलेल्या असतात. त्या घालवायला ‘डीइंटरलेस’ हा पर्याय आहे. तो फोनच्या प्रतीवर वापरावा, मूळ प्रतीवर नको. सेकंदाला २५ चित्रं ठेवावीत की ५०, हा प्रश्न मोठा आहे. तूर्त ५० ठेवावीत, म्हणजे वरातीतला नाच सलग दिसेल.