कोरड्या मुलखातील गुरे आणि आपले माप



मी यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयाने केले. तेव्हा गुरांविषयी बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, मी माणदेशातला आहे. २०१३ च्या दुष्काळात मी गावाकडच्या चारा छावणीत मदत घेऊन गेलो होतो. भर दुपारी संकरित गाई जीभ बाहेर काढून धापा टाकीत होत्या आणि शेजारच्या दावणीला एक खिलार गाय शांतपणे रवंथ करीत होती. मग हिला कमी प्रतीची का म्हणायचे, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो.

खिलार ही ओढकामाची जात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. पण आफ्रिकेच्या दक्षिण भागात गुरे मांसासाठी विकली जातात, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे प्रत्यक्ष काट्यावर जोखले गेले आहे.

तिथल्या गोऱ्या तज्ज्ञांनी आफ्रिकी लोकांची गुरे पुष्कळ काळ टाकाऊच मानली. सुधारणा म्हणजे विलायती वळू, असे समीकरण होते. १९३७ पासून यान बोन्स्मा या शास्त्रज्ञाने ट्रान्सवालमधील मारा केंद्रावर गुरांच्या अंगाचा ताप मोजला, केस तपासले, वजने घेतली. लोकरीसारखे दाट केस असलेली विलायती जनावरे उन्हात तापत आणि त्यांची वाढ खुंटे. गुळगुळीत कातडीची जनावरे चरत राहत आणि वाढत. त्याने घडविलेल्या बोन्स्मारा जातीत पाच-अष्टमांश रक्त तिथल्याच आफ्रिकानर गुरांचे आहे. आजच्या झिंबाब्वेत १९४० च्या दशकात लेन हार्वे यांनी तर गावकऱ्यांच्याच कळपांतील पिवळसर गुरे निवडली, बाहेरचे रक्त न घालता वाढविली, आणि ‘तुली’ ही जात उभी केली.

१९७० च्या दशकात बोट्स्वानात आफ्रिकानर, त्स्वाना आणि तुली या जातींची तुलना झाली. तुलीचे मोठेपण एकट्या वासराच्या वजनात नव्हते. ती अधिक नेमाने गाभण राहिली. म्हणून एका गाईमागे दर वर्षी किती किलो वासरू हाती आले, हा हिशेब मांडताच तुली पुढे गेली.

यात जादू काही नाही. लहान अंगाला पोटगी कमी लागते. उन्हाळ्यात गमावलेले वजन हे जनावर पावसाच्या पहिल्या गवतावर झपाट्याने भरून काढते. पाण्यासाठी ते लांब चालते, गोचिडाला पुष्कळसे दाद देत नाही. उलट पक्षी, दावणीला बारमाही खुराक असेल तर मोठ्या विलायती जातीच लवकर वाढतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. देशी जनावर सर्वत्र श्रेष्ठ, असा माझा दावा नाही. ज्याच्याजवळ खुराक नाही त्याला खुराकाच्या मापाने जोखू नका, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या धंद्यात मजुरी मीटरवर ठरते. सूत तुटके होते का, वीज किती वेळ गेली, हे त्या आकड्यात दिसत नाही. मात्र कामगार आळशी ठरतो. गरिबाच्या गाईचे असेच झाले. चांगल्या वर्षातले एका जनावराचे वजन पाहून तिला नापास केले. दुष्काळात कोण जगले, किती वेळा व्याले, हे कोणी विचारले नाही. आणि नापास गाय म्हणजे नापास मालक. त्याची जात बदला, त्याला कर्ज द्या, असे ठरते. पहिल्या दुष्काळात गाय मरते, कर्ज मात्र राहते.

म्हणून तुमच्या गावात कोणी नवी जात घेऊन आला, तर दोनच प्रश्न विचारा. वाईट वर्षात हिने काय केले? आणि हिच्या चाऱ्याचे पैसे कोण देणार? माप धरणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हांला युनियनने शिकविला. तो शेतकऱ्यालाही आहे.