पेशींची रोकड
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



आरती झाली, प्रसाद झाला. हातातला मोदक संपेपर्यंत तरी आपण बसाल, या भरवशावर मी उभा आहे. म्हणून विषयही मोदकाचाच घेतो. खाल्लेल्या मोदकाची शक्ती होते कशी?

उकडीतल्या पिठाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि रक्त ते पेशींपर्यंत पोचवते. पण पेशीला ते थेट खर्चता येत नाही. मुदत ठेवीची पावती दाखवून भाजी मिळत नाही. ठेव मोडून रोकड करावी लागते. पेशींची रोकड म्हणजे एटीपी, अर्थात ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. स्नायूंचे आकुंचन असो की नवी प्रथिने बांधणे, पेशींचे बहुतेक व्यवहार याच नाण्यात चालतात.

ही रोकड टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही, पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ 2 एटीपी मिळतात. पुढचे काम तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजनच्या मदतीने होते आणि एकूण आकडा 30 च्या आसपास जातो. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी.

गंमत अशी, की शरीर रोकड साठवत नाही. अंगातला सगळा एटीपी गोळा केला तर काही तोळेच भरेल; दिवसभरातला वापर मात्र साधारण आपल्या वजनाइतका! तेच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतात आणि पुन्हा जुळतात. साठवण होते ती वेगळ्या रूपात. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, हे बचत खाते. ते काहीशे ग्रॅमचेच. ते भरले की उरलेले चरबीत, म्हणजे मुदत ठेवीत. एक ग्रॅम पिष्टात 4 कॅलरी, तर चरबीत 9.

एटीपीचा शोध 1929 चा. जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव भीमावरमचे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या प्रदेशातले. आपण ज्या तेलुगू मुलखात येऊन स्थिरावलो, त्याचा हा सुपुत्र आपल्या मुलांना ठाऊक असायला हवा.

आता कामाचे सांगतो. आपल्यातील बहुतेकांची नोकरी खुर्चीत बसून झाली किंवा चालू आहे, आणि मधुमेह घरोघरी आहे. स्नायूंत साखर शिरायला एरवी इन्सुलिन लागते. मधुमेहात ते तरी कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि साखर रक्तातच राहते. दारात धान्याची गाडी उभी, पण पोती घरात येत नाहीत, तशी ही गत! मात्र चालत्या, राबत्या स्नायूला रोकड तातडीने हवी असते. तो इन्सुलिनची वाट न पाहता दुसऱ्या वाटेनेही साखर आत घेतो. म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला. ही युक्ती फुकट आहे. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

मोदक सोडा, असे मी म्हणणार नाही; वहिनी मला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत! एवढेच म्हणतो, की यंदा विसर्जनाला गाडी घरी ठेवा आणि बाप्पाबरोबर पायी चला.

गणपती बाप्पा मोरया!