जखमेची बातमी आणि हिशेबाची भाषा

वऱ्हाडातील क्रीडा वार्ताहरांच्या या परिषदेपुढे विचारासाठी ठेवायचा प्रश्न थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे : मैदानावर एखादा खेळाडू जखमी झाल्यानंतर त्या जखमेची भरपाई पुढच्या सामन्यात झाली पाहिजे, असे सुचवणारी बातमी लिहिण्याचा अधिकार वार्ताहराला आहे काय? क्रीडापानावर वचपा काढणे, उट्टे फेडणे, हिशेब चुकता करणे ही भाषा रोजचीच आहे आणि पराभवापुरती ती निरुपद्रवीही आहे, कारण गमावलेल्या सामन्याची भरपाई पुढचा सामना जिंकून करता येते आणि ती कशी करायची हे खेळाच्या नियमांनीच आखून दिलेले असते. फुटलेला दात, मोडलेले हाड किंवा डोक्याला बसलेला मार परत करण्याची तरतूद मात्र कोणत्याही नियमपुस्तकात नसते. त्यामुळे जखमेसाठी बदला मागणारा मजकूर, लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो, नियमाबाहेरच्या कृतीचीच मागणी करत असतो.

हॉकीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण या खेळात दुखापत व्हायला कोणाचा वाईट हेतू असावाच लागत नाही. साधारण 156 ते 163 ग्रॅम वजनाचा टणक चेंडू, प्रत्येकाच्या हातात काठी आणि गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे खेळाडू ज्याला ‘डी’ म्हणतात त्या जागेत, होणारी गर्दी यांतून अपघात घडतात. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी चेंडू काठीच्या वाकड्या टोकावर धरून, ओढत नेऊन गोलाकडे भिरकावला जातो, ज्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात, तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. धोकादायक खेळाला शिक्षाही ठरलेली आहे : हिरव्या कार्डाला दोन मिनिटे बाहेर, पिवळ्याला किमान पाच मिनिटे, आणि लाल कार्ड मिळालेला खेळाडू उरलेल्या सामन्याला मुकतो. न्यायनिवाड्याची ही व्यवस्था मैदानावर हजर असताना वार्ताहराने निराळा निवाडा देण्याचे कारण उरत नाही.

भारतीय हॉकीत बदल्याची सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट ध्यानचंद यांची आहे आणि ती त्यांनी स्वतःच आठवणीत नोंदवलेली असल्यामुळे बारकाईने वाचण्यासारखी आहे. 1933 साली पंजाब रेजिमेंट आणि सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी संघांच्या सामन्यात चेंडू हिसकावता येत नाही म्हणून चिडलेल्या एका प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या डोक्यावर काठी हाणली. पट्टी बांधून मैदानात परतलेल्या ध्यानचंद यांनी त्या खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून, आपण याचा बदला जरूर घेऊ, असे त्याला सांगितले. त्यानंतर तो खेळाडू आपल्या डोक्यावर काठी कधी पडते या धास्तीने त्यांच्याकडेच पाहत राहिला आणि ध्यानचंद यांनी एकापाठोपाठ सहा गोल केले. ही गोष्ट पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचली आहे आणि खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून ती मुलांना शिकवली जाते, ते योग्यच आहे. तथापि तिच्यातील एक बारकावा पत्रकारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बदल्याचा नुसता उच्चार झाल्याबरोबर समोरच्याचा खेळ भीतीने विसकटला, म्हणजे तो उच्चारसुद्धा मैदानावरची एक कृती ठरला; आणि तो अनर्थाकडे गेला नाही याचे कारण बोलणारा व करणारा माणूस एकच होता, त्यामुळे बदला गोलांतच घ्यायचा हे ठरवणे त्याच्या हाती होते. वृत्तपत्रात बदला मागणारा एक असतो, घेणारा दुसरा असतो आणि तो सोसणारा तिसराच असतो.

या संदर्भात 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचा उल्लेख अमरावतीत करणे अधिकच उचित आहे, कारण अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. हॉकी स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असे हरवले होते आणि तो पराभव भारतीय संघाच्या जिव्हारी लागला होता. पावसामुळे एक दिवस लांबलेला अंतिम सामना 15 ऑगस्टला झाला, त्यात जर्मन गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत ध्यानचंद यांचा दात पडला आणि भारताने 8-1 असा विजय मिळवला. उपचारानंतर मैदानात परतलेल्या ध्यानचंद यांनी सहकाऱ्यांना चेंडू ‘डी’पर्यंत नेऊन गोल न करता मागे आणायला सांगितले, म्हणजे चेंडूवर ताबा कसा असतो ते जर्मनांना दिसेल, असे सांगितले जाते. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत पुढे भर पडत गेली असेल हे गृहीत धरले, तरी पडलेल्या दाताचे उत्तर म्हणून लोकांनी जपलेली गोष्ट चेंडूवरील हुकमतीची आहे, ही बाब या परिषदेने मनावर घ्यावी अशी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत सापडते. या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते, अंगाला अंग भिडवणे नियमांत बसते आणि संघातील प्रमुख खेळाडूला कोणी जखमी केले तर त्याचे उट्टे काढण्याची अलिखित रीत अनेक दशके चालत आलेली आहे. 16 फेब्रुवारी 2004 रोजी तेथील व्यावसायिक लीगच्या सामन्यात कोलोरॅडो संघाच्या स्टीव्ह मूर याच्या धडकेने व्हँकूव्हरचा कर्णधार मार्कस नॅसलंड जखमी झाला. त्या धडकेबद्दल मूरला शिक्षा झाली नाही, पण व्हँकूव्हरच्या गोटातून मूरच्या डोक्यावर जणू इनाम लागले असल्याची भाषा उघडपणे झाली आणि हे दोन संघ पुन्हा भिडतील तेव्हा काय होणार, हा माध्यमांतील चर्चेचा विषय बनला. 3 मार्चचा सामना लीगच्या आयुक्तांच्या उपस्थितीत शांततेत पार पडला. 8 मार्चच्या सामन्यात मात्र व्हँकूव्हरच्या टॉड बर्टुझी याने मूरला मागून पकडून ठोसा मारला आणि तो बर्फावर कोसळल्यावर इतर खेळाडूही त्याच्यावर पडले. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले आणि त्यानंतर तो त्या लीगमध्ये पुन्हा कधीही खेळू शकला नाही. बर्टुझीने त्याच वर्षी फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा 2014 मध्ये तडजोडीने मिटला. ज्या दुखापतीचा हा बदला होता, तिच्यामुळे नॅसलंड फक्त तीन सामन्यांना मुकला होता. न्यायालयात बर्टुझीला उभे राहावे लागले; हिशेबाची तारीख मोजणाऱ्या मथळ्यांना कोणी जाब विचारला नाही.

आपल्याकडील पत्रकारिता यापासून फार दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. 4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास याची काठी ब्रिटनच्या विल कॅलनन याच्या चेहऱ्याला लागली, सतराव्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना भारताने दहा खेळाडूंनिशी खेळून शूटआउटमध्ये 4-2 असा जिंकला. ती झुंज अविस्मरणीय होती यात शंका नाही, आणि पंचांच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्कही निर्विवाद आहे. पण देशातील चर्चेचा सगळा रोख भारतावर अन्याय झाला की नाही यावर राहिला आणि ज्याच्या तोंडावर काठी बसली त्या खेळाडूची विचारपूस जवळपास कोणी केली नाही. आपल्या खेळाडूकडून लागले तर ते अनवधानाने आणि समोरच्याकडून लागले तर मुद्दाम, हा भेद वार्ताहर कोणत्या पुराव्यावर करतो? चित्रफीत संथगतीने पुनःपुन्हा पाहणाऱ्या पंचालाही हेतू दिसत नाही, त्याला काठीची दिशा आणि उंची दिसते, आणि दूर प्रेस बॉक्समध्ये बसलेल्याला तर तेवढेही नीट दिसत नाही.

अमरावती आणि अकोला येथे हा प्रश्न अधिक जवळून पाहावा लागतो, कारण येथील बातमीचे विषय बहुतेक वेळा शाळकरी मुले आणि मुली असतात. तालुका, जिल्हा आणि विभाग अशा पायऱ्यांनी होणाऱ्या शालेय स्पर्धांत तेच दोन संघ थोड्याच आठवड्यांत पुन्हा समोरासमोर येतात. समजा, एका शाळेच्या मुलाला ‘डी’मध्ये उसळलेला चेंडू तोंडावर लागला, त्याला अमरावतीत इर्विन किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात नेले, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीत ‘रक्ताचा हिशेब विभागीय स्पर्धेत’ असा मथळा आला. ते कात्रण शाळेच्या फलकावर लागते, पालकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर चढते, प्रतिस्पर्धी शाळेतही पोहोचते, आणि विभागीय स्पर्धेच्या सकाळी पंधरा-सोळा वर्षांची दोन्हीकडची मुले तो मथळा डोक्यात घेऊन काठी उचलतात. मथळा देणारा उपसंपादक त्या वेळी मैदानावर नसतो आणि शिट्टी वाजवणाऱ्या दोन पंचांना त्या मथळ्याला कार्ड दाखवता येत नाही.

पुरवणीची जागा आणि मजकूर देण्याची वेळ यांचा ताण येथील प्रत्येक वार्ताहराला ठाऊक आहे, आणि थरारक मथळ्याची मागणी अनेकदा त्याच्याकडून नव्हे, वरून येते, हेही मान्य करायला हवे. तरीही जखमेच्या बातमीत सांगण्यासारखे इतके काही असते की बदल्याला जागाच उरू नये. चेंडू कोणत्या मिनिटाला, किती उंचीवरून आला. पंच कोठे उभे होते आणि त्यांनी कोणते कार्ड दाखवले. मुलाच्या तोंडात दातांचे संरक्षक कवच होते काय, पायांना पॅड होते काय. मैदानावर प्रथमोपचार पेटी होती काय आणि रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागला. मैदानाची जमीन चेंडू उसळवणारी ओबडधोबड होती काय, असे प्रश्न विचारले तर दुसऱ्या शाळेच्या मुलाकडे वळलेले बोट संयोजकांकडे, मैदानाकडे आणि साधनांच्या तुटवड्याकडे वळते, आणि पुष्कळदा ते तिकडेच वळायला हवे असते. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही हिंसेचे उदात्तीकरण टाळण्यास सांगितलेले आहे. तो दंडक दंगलीच्या वार्तांकनाप्रमाणेच क्रीडापानालाही लागू आहे, असे मानण्यास काहीच अडचण नसावी.

म्हणून या परिषदेने दोन गोष्टींवर आजच चर्चा करून निर्णय घ्यावा, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे. पहिली अशी की शालेय किंवा महाविद्यालयीन सामन्यातील दुखापतीच्या बातमीचा मथळा, वार्ताहराने पाठवलेली हकिकत पूर्ण वाचल्याशिवाय आणि शक्य असेल तेथे त्याच्याशी फोनवर बोलल्याशिवाय, डेस्कवर देऊ नये. दुसरी अशी की जखमी खेळाडूची बातमी एकदा छापली की दोन-तीन आठवड्यांनी तिचा पाठपुरावा करावा : टाके निघाले काय, मूल शाळेत जाऊ लागले काय, उपचाराचा खर्च कोणी केला, ते पुन्हा खेळणार आहे काय, आणि ज्याच्या काठीने किंवा फटक्याने लागले तो मुलगा त्याला भेटायला गेला होता काय, हे त्यात यावे.