घाशीरामकडे पाहताना

१७७७ साली, पुण्याच्या कोतवालीवर घाशीराम सावळदास बसला. नाना फडणवीसांच्या मर्जीतला माणूस. १७९१च्या ऑगस्टात त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं आणि जमावानं त्याला दगडांनी ठेचलं. मराठी मुलखात इतका बदनाम कोतवाल दुसरा नाही.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. तेंडुलकरांनी त्याला अनैतिहासिक नाटक म्हटलं, त्यामुळे यापुढे आपण बोलतोय ते नाटकातल्या घाशीरामाबद्दल.

असं नाटक बघताना आपण दुष्ट कोण ते फार लवकर ठरवतो आणि मग फक्त त्याच्या शिक्षेची वाट बघत बसतो. तो निवाडा जरा लांबवा. मानसशास्त्र इथं उपयोगी पडतं, कारण ते आपल्याला नेमकं कुठं बघायचं ते सुचवतं.

हान्स आयसेंक यांनी १९६४ साली गुन्ह्याचा संबंध माणसाच्या उपजत स्वभावाशी जोडला. काही जणांवर शिक्षेचा, शिस्तीचा संस्कार लवकर बसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. घाशीरामाला हे लावून पाहा. तो तर सगळं चटकन शिकतो! कलावंतीण गुलाबीच्या घरी नानांचा पाय मुरगळतो तेव्हा हा लगेच वाकून पाठ पुढे करतो. बक्षीस मिळालेला हार गुलाबीची माणसं मारझोड करून हिसकावतात. पुढे चोरीचा आळ, शिपायांचा मार, तुरुंग, हकालपट्टी. पुण्याच्या वेशीवर तो सुडाची शपथ घेतो, तिथं आल्फ्रेड आडलर आठवतात. अपमानानं खुजा झालेला माणूस इतरांना खुजं करून आपली उंची भरून काढू बघतो, हा त्यांचा विचार या प्रसंगाला अगदी चपखल बसतो. म्हणून नटाच्या पाठीकडे लक्ष ठेवा. ती कधी वाकलेली आहे, कधी ताठ होते, आणि कोतवाल झाल्यावरही कोणासमोर पुन्हा वाकते.

पण अपमान पुष्कळांचे होतात. सगळे काही पोटच्या पोरीचा सौदा करत नाहीत. घाशीराम ललितागौरीला नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, आणि इथं आडलर मला अपुरे वाटतात. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवलं की माणसाचं वागणं नुसत्या स्वभावावरून सांगता येत नाही, परिस्थितीही मोजावी लागते. तेंडुलकरांनी ही परिस्थिती डोळ्यांना दिसेल अशी उभी केली आहे: ओळीनं उभे असलेले ब्राह्मण. गात, डुलत ते भिंत होतात, पाठमोरे होऊन काही बघत नाहीत, आणि शेवटी जमाव होतात. माझ्या मते या नाटकाचं सगळं कसब त्या ओळीत आहे. एखादा प्रसंग नुसता त्यांच्याकडेच बघत काढा. घाशीरामाला कोणी मोकळीक दिली ते उलगडत जाईल.

नानांची भूमिका मोहन आगाशे करत. ते मानसोपचारतज्ज्ञही आहेत, पण त्यांच्या नानांमध्ये रोगनिदान कुठंही दिसत नाही. दिसतो तो लाडिक, विषयलंपट, हिशेबी माणूस. कोतवालाच्या अंगरख्याआड आपली पापं झाकली जातील, हे त्यानं आधीच ताडलेलं असतं. १९७६च्या चित्रपटातही नाना आगाशेच आहेत, घाशीराम ओम पुरी. रंगभूमीपासून दूर राहणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

शेवटी जमाव घाशीरामाचा जीव घेतो तेव्हा आपली नजर त्या मारावर खिळते. ती प्रयत्नपूर्वक नानांकडे वळवा. त्याच्या मृत्यूचा हुकूम त्यांनीच दिलेला असतो, आणि संकट टळलं, आता उत्सव करा, असं लोकांना सांगायलाही तेच पुढे येतात.